पुढून हूक

वडगावच्या चौकात माझं मशीन.
पाटी दोन भाषांत, वर कन्नड, खाली मराठी,
रंग दोन्हींचा सारखाच उडालाय.

मागून हुकांची फॅशन आली तेव्हा
निम्म्या गल्लीचे हूक मीच नेले पाठीकडे.
पाच हूक, दोन दोऱ्या, टोकाला लटकन.
नवऱ्या मुली आरशाकडे पाठ करून
मान वळवून बघायच्या स्वतःला.
मीही माझे सगळे तसेच शिवले. हौस.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला
माझाच हात मागं जाईना.
कमरेपर्यंत गेला आणि थांबला,
कोगनोळीच्या नाक्यावर ट्रक थांबतो तसा,
कागद सगळे बरोबर असून.

रात्री कूस बदलली की
खांद्यात कुणी कात्री उघडी विसरल्यासारखं.
उठून बसायची. त्यातच अंगातून वाफ,
केस मानेला चिकटलेले,
पंखा पाचवर,
आणि परशराम शेजारी दोन चादरी घेऊन गप्प.

सिव्हिलमधली डॉक्टरीण म्हणाली, "कै म्याले एत्तरी."
मी हात वर केला. कानाच्या वीतभर खाली अडला.
मग हळूच, "मुट्टु निंतैतेनरी?"
म्हटलं, येते कधी न कळवता,
मग चार महिने पत्ता नाही.
पाळीचं कन्नडमधून विचारलं ते बरं झालं,
त्या भाषेत मला लाज कमी वाटते.
खांदा गोठलाय म्हणाली, या वयात होतं,
सुटेल, पण वर्ष जाईल, दीडही.
मी रात्रभर उकळत होते
आणि हिला सापडला बर्फ.

तोवर परशराम हूक लावायचा.
उद्यमबागच्या फौंड्रीतली बोटं,
साच्यात वाळू दाबणारी,
बारीक हुकापुढं घाबरायची.
सव्वीस वर्षं काढायची सवय, म्हणाला,
लावायचं कधी शिकवलंस?
दोघं हसलो, आणि हसताना
खांद्यातून कळ गेली थेट कोपरापर्यंत.

एप्रिलात कलावती मुचंडीकर आली.
दार लोटून घेतलं, आवाज खाली.
"हूक पुढं घे गं. मुंढा अर्धा इंच सैल सोड."
कारण सांगितलं नाही.
मग बँकेतली फिलोमिना, तेच.
मग मल्लव्वा, पिशवीतून सात ब्लाउज काढून,
"मुंद हाकव्वा, मुंद."
मापाच्या वहीत नावापुढं
मी खडूची टिकली लावत गेले.
सतरा झाल्या.

आता टेप गळ्यात घालतानाच विचारते,
कुठला खांदा?
बाई दचकते. "डावा. तुला कसं कळलं?"
आणि मग थांबतच नाही:
भाकरी थापताना मनगट दुखूलालंय,
सकाळी बोटं मिटत नाहीत,
अंबाडा घालणं सोडलं, केस कापले,
घरात सगळे म्हणाले, काय हे म्हातारपणी,
देवळातली घंटा नातवाकडून वाजवून घेते.
मी मान हलवते, माप लिहिते.
छाती अडतीस. खांदा सात.
खांद्यात काय आहे ते लिहायला वहीत रकाना नाही.

घरी दाराच्या चौकटीशेजारी
मुलीच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत,
बालवाडीपासून दहावीपर्यंत.
त्याच भिंतीवर रोज दहा वेळा
बोटांनी चढायचं, असं सांगितलंय.
पहिल्या दिवशी दुसरीतच दम संपला.
पाचवीत दीड महिना नापास.
काल बोट सातवीच्या रेघेला टेकलं
आणि मी तिथं शिंप्याच्या खडूनं
बारीक खूण केली, तारीख न घालता.
दहावी अजून बरीच वर आहे.

माझेही ब्लाउज उसवले शेवटी.
हूक पुढं आले, सरळ, म्हाताऱ्या बायकांसारखे.
सकाळी मी ते एकेक लावते,
वरून खाली, सावकाश,
आणि परशराम उगाच मागं येऊन उभा राहतो,
हात पुसून.